रात्रीच्या कण्या, सकाळची आंबील

ज्वारीच्या कोरड्या कण्या शिजायला अर्धा तास सहज लागतो. त्याच कण्या रात्रभर पाण्यात राहिल्या, तर सकाळी दहा-बारा मिनिटांत मऊ होतात. न्याहारीचे निम्मे काम आदल्या रात्री पाण्याकडून करून घेण्याची ही रीत बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय नि घाटाखाली काय, जुनीच आहे. ओट्सच्या पाकिटांबरोबर रात्री भिजवून सकाळी खाण्याची जी टूम शहरांतून आली, तिचे इथले घरचे रूप म्हणजे आंबील. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात पुरणपोळी आणि कढीबरोबर आंबील लागतेच. मात्र सणाची आंबील खोबऱ्याचे काप वगैरे घालून सावकाश केली जाते. रोजच्या न्याहारीची आंबील साधी आणि झटपट असते.

झटपट होण्यासाठी तयारी तीन टप्प्यांत वाटून घ्यावी लागते. पहिला टप्पा पंधरवड्यातून एकदाचा, कण्या करण्याचा. ज्वारी निवडून तिच्यावर पाण्याचा हबका मारतात, थोडा वेळ झाकून ठेवतात आणि उखळात हलक्या हाताने कांडतात. ओलसर झालेले वरचे साल सुटते. मग दाणे वाळवून, सुपाने पाखडून कोंडा काढतात आणि जात्यावर भरडतात. चाळणीखाली पडते ते पीठ, वर उरतात त्या कण्या. आता उखळ-मुसळ बहुतेक घरांत माळ्यावर गेले आहे. गिरणीत ‘दळून’ न सांगता ‘भरडून’ सांगितले की काम भागते. थोड्याच हव्या असतील तर मिक्सरचे भांडे तीन-चार वेळा थांबत थांबत फिरवावे. कणी जाड रव्याएवढी असावी. फार बारीक झाली तर आंबिलीची खळ होते, फार मोठी राहिली तर दाताखाली कचकचते.

ज्वारी पाहून घ्यावी. दाणा भरण्याच्या वेळी पाऊस लागलेल्या खरीप ज्वारीवर बुरशी येते आणि दाणा काळा पडतो. ती कितीही स्वस्त मिळाली तरी कण्यांसाठी घेऊ नये. रब्बीची टपोरी, पांढरी ज्वारी, खानदेशात जिला दादर म्हणतात ती, यासाठी उत्तम. सोयाबीन आणि कपाशीने जिल्ह्यातली ज्वारीची वावरे व्यापली, त्यामुळे अनेक शेतकरी घरांतही आता ज्वारी विकतच आणावी लागते. म्हणून ही पारख बाजारातच झालेली बरी.

दुसरा टप्पा रात्रीचा. ज्वारीच्या दाण्याचा बाहेरचा भाग काचेसारखा कठीण असतो आणि आतल्या पिष्टाच्या कणांभोवती काफिरिन नावाच्या प्रथिनाचे आवरण असते. पाणी त्यातून हळूहळूच आत शिरते. शिवाय ज्वारीचे पिष्ट फुलायला साधारण ६८ ते ७८ अंश सेल्सियस तापमान लागते, गव्हाच्या पिष्टापेक्षा जास्त. पाणी आधीच आतपर्यंत पोचलेले असेल, तर आचेला फक्त फुलवण्याचे काम उरते. आंबवण्याचा फायदा निराळा आहे. ज्वारी नुसत्या पाण्यात शिजवली की तिचे प्रथिन पचायला उलट थोडे जड होते; आंबवल्याने ही अडचण कमी होते. दाण्यातले फायटिक आम्ल लोहाला धरून ठेवते, तेही आंबण्यात काही प्रमाणात मोडते.

प्रमाण सोपे आहे. एक वाटी कण्यांना तीन वाट्या पाणी आणि अर्धी वाटी ताजे, गोडसर ताक. ताकातल्या जिवाणूंमुळे दुधाचे दही होते तसेच इथे पाण्याला आंबटपणा येतो. भांडे स्टीलचे, काचेचे किंवा मातीचे घ्यावे. ॲल्युमिनियमचे किंवा बिनकल्हईचे पितळेचे चालत नाही, कारण आंबट पदार्थ धातूला खातो. मीठ आणि गूळ या वेळी घालू नये.

वेळेचा हिशेब मात्र गावागणिक बदलतो. बुलढाणा शहर सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर, घाटमाथ्यावर आहे. शेगाव, नांदुरा, मलकापूर ही गावे खाली पूर्णेच्या खोऱ्यात आहेत. मे महिन्यात खोऱ्यात पारा चाळिशीच्या बराच वर जातो आणि रात्रीही हवा तापलेलीच असते. तिथे संध्याकाळी ताक घालून ठेवलेल्या कण्या पहाटेपर्यंत झणझणीत आंबतात, फेस धरतात. म्हणून उन्हाळ्यात घाटाखाली कण्या झोपण्यापूर्वी नुसत्या पाण्यात भिजवाव्यात, भांडे माठाजवळ गारव्याला ठेवावे आणि ताक सकाळी घालावे. घाटावर थंडीच्या दिवसांत याच्या उलट होते. तिथे संध्याकाळीच कोमट पाण्यात ताकासह भिजवून भांडे चुलीच्या उबेला किंवा पिठाच्या डब्याशेजारी फडक्यात गुंडाळून ठेवले, तरच सकाळपर्यंत आंबूस वास येतो. तो वास ताकासारखा हवा. कुजका वास आला किंवा वर रंगीत ठिपके दिसले, तर सगळे टाकून द्यावे. वरचे काढून खालचे वापरण्याची काटकसर इथे नको.

तिसरा टप्पा सकाळचा. दोन-तीन वाट्या पाण्याला उकळी आणून त्यात भिजलेल्या कण्या पाण्यासकट ओताव्यात. पहिली दोन-तीन मिनिटे पळी थांबू द्यायची नाही, कारण गुठळ्या तेव्हाच होतात. नंतर आच मंद करून झाकण ठेवावे. कणी बोटांत दाबल्यावर पांढरा कडक ठिपका उरला नाही की शिजली. भांडे खाली उतरवून ठेचलेला लसूण, भाजून चुरडलेले जिरे आणि मीठ घालावे. हात लावता येईल इतके निवल्यावर घुसळलेले ताक ओतावे. उकळत्या आंबिलीत ताक फाटते. थंड होताना ती दाटत जाते, त्यामुळे उतरवताना जरा पातळच असावी. वरून तिळाची किंवा जवसाची चटणी, आणि हिवाळा असेल तर कच्च्या तेलाची धार.

ओट्सचे तंत्र थोडे वेगळे आहे. महाराष्ट्रात ओट हे प्रामुख्याने रब्बीतले चाऱ्याचे पीक. केंट, फुले हरिता हे त्याचे वाण दुभत्या जनावरांसाठी पेरले जातात. माणसासाठीचे चपटे ओट्स कारखान्यातून येतात. तिथे दाण्याला वाफ देऊन तो रुळांखाली दाबलेला असतो, म्हणून हे ओट्स भिजवून न शिजवताही खाता येतात. स्वित्झर्लंडचे डॉक्टर मॅक्सिमिलियन बिर्शर-बेनर यांनी १९०० च्या सुमारास झुरिकमध्ये रुग्णांसाठी जी न्याहारी बसवली, तीत चमचाभर ओट्स रात्री पाण्यात भिजत, आणि सकाळी त्यांत किसलेले अख्खे सफरचंद, लिंबाचा रस व हेझलनट किंवा बदामाचा कूट पडे. म्हणजे मूळ पाककृतीत मोठा वाटा फळाचाच होता. आज डबाभर ओट्सवर फळाच्या चार फोडी ठेवतात, तो नंतरचा प्रकार. ज्वारीच्या कण्या मात्र कच्च्या असतात. कितीही भिजल्या तरी त्या शिजवल्याशिवाय खाऊ नयेत.

ओट्सना वऱ्हाडी वळण देणे अवघड नाही. एक वाटी ओट्सना दीड वाटी पातळ ताक, झाकून फ्रिजमध्ये. सकाळी मोहरी, जिरे, कढीपत्ता आणि लसणाची फोडणी, वर शेंगदाण्याचे कूट. गोड हवे असेल तर ताकाऐवजी दूध घ्यावे. पण संत्र्याच्या फोडी रात्री त्यात टाकू नयेत, दूध फाटते. फळ आणि गूळ सकाळीच घालावे.

पोषणात ज्वारी फारशी मागे नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, १० ग्रॅम तंतू आणि ४ मिलिग्रॅम लोह असते. ग्लुटेन तिच्यात नाही. ओट्सची खरी जमेची बाजू म्हणजे बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू. त्याने कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते. टिकण्यातही ओट्स सरस आहेत. वाफेमुळे तेल खवट करणारे विकर आधीच निकामी झालेले असते. घरच्या कण्यांत ते जिवंत राहते, म्हणून महिनाभराच्या कण्या एकदम भरडून ठेवल्या की डब्यातून कडवट वास येऊ लागतो.

ताक न घातलेल्या, घट्ट शिजवलेल्या कण्या फ्रिजमध्ये दोन दिवस राहतात; लागतील तितक्या काढून गरम कराव्यात आणि निवल्यावर ताकात कालवाव्यात. ताक घातलेली आंबील उन्हाळ्यात दुपारच्या आत संपवावी. रात्रीचे आंबलेले पाणी शिजवण्यापूर्वी दोन चमचे बाजूला काढून थंड जागी ठेवले, तर त्याच रात्रीच्या कण्यांना विरजण म्हणून ते चालते, आणि घरात ताक नसले तरी अडत नाही.