‘कसें लागलें, बाई?’



मी डॉक्टर नाहीं आणि वकीलहि नाहीं. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपलीकडे माझें शिक्षण गेलें नाहीं आणि सारी हयात भाईंदरच्या एका शाळेंत फळ्यापुढें उभें राहण्यांत गेली. तेव्हां स्त्रियांवर अत्याचार झाल्यावर डॉक्टरांनीं कसें वागावें या विषयावर मीं बोलावें, यांत कोणास धार्ष्ट्य वाटलें तर तें मला मान्य आहे. परंतु प्रश्न विचारणें आणि उत्तर लिहून घेणें हा माझा पस्तीस वर्षांचा धंदा होता. आणि हा विषय, माझ्या समजुतीप्रमाणें, अखेर एका प्रश्नाचा व त्याच्या लेखी उत्तराचाच आहे.

१९९६ सालच्या पावसाळ्यांतली गोष्ट सांगतों. भाईंदरला त्या वेळीं नगरपालिका होती. महानगरपालिका व्हावयाची होती ती २००२ सालीं. मिठागरांच्या बाजूस भराभर चाळी उठत होत्या आणि माझ्या वर्गांतलीं निम्मीं मुलें त्या चाळींतलीं होतीं. एके दिवशीं मधल्या सुटींत तिसरीचा एक मुलगा धापा टाकीत आला व म्हणाला, “गुरुजी, आई उठत नाहीं.” मी आणि आमचें कुटुंब असे दोघे धांवलों. त्या बाईस रिक्षांत घालून जवळच्या एका इस्पितळांत नेलें. आम्ही पोंचतों न पोंचतों तोंच तिचा नवराहि तेथें हजर झाला.

डॉक्टर सज्जन गृहस्थ होते. बाहेर बाकांवर चाळीस माणसें तिष्ठत होतीं. त्यांनीं मान वर न करतांच विचारलें, “कसें लागलें, बाई?” बाईनें तोंड उघडण्यापूर्वीं मागून नवरा म्हणाला, “मोरींत पाय घसरला.” डॉक्टरांची लेखणी चालूं लागली. बाईचें डावें मनगट मोडलें होतें. आणि पदर सारखा करतांना तिच्या मानेवर बोटांचे वळ आमच्या कुटुंबास दिसले होते. बाईनें एकदांच माझ्याकडे पाहिलें. मी मात्र भिंतीवर टांगलेला डोळे तपासण्याचा तक्ता मोठ्या अभ्यासूपणानें वाचीत होतों.

चार वर्षांनीं त्या बाईनें पोटगीसाठीं अर्ज केला. तिच्या वकिलानें जुने कागद मागितले, तेव्हां तिनें तांदळाच्या डब्यांत जपून ठेवलेला तो केसपेपर काढून दिला. तिला वाचतां येत नव्हतें. डॉक्टरांनीं लिहिलें आहे म्हणजे खरें तेंच लिहिलें असेल, असा तिचा भाबडा विश्वास. त्यावर लिहिलें होतें, ‘पाय घसरून पडल्यामुळें मनगटास इजा.’ प्रतिपक्षाच्या वकिलानें तें वाक्य कोर्टांत मोठ्यानें वाचून दाखविलें. मी मागच्या बाकावर बसलों होतों.

डॉक्टरांस दोष देऊन मला मोकळें होतां येत नाहीं. त्यांनीं प्रश्न विचारला होता. तो तिला एकटीला विचारला नाहीं, एवढेंच. आणि तिला एकटीला विचारावें असें त्यांना शिकविलें होतें कोणीं? वैद्यकाच्या पुस्तकांत मनगटाच्या हाडांचीं नांवें असत, पण मनगट पिरगळणाऱ्या हाताचा उल्लेख नसे.

मार खाल्लेली स्त्री पोलीसचौकीची पायरी सहसा चढत नाहीं. वकिलाकडे जावयास पैसा नसतो आणि माहेरीं सांगावयास तोंड नसतें. दवाखान्यांत मात्र ती जाते, कारण जखम घरीं बरी होत नाहीं. आणि दवाखान्यांत जावयास सासूहि सहसा नाहीं म्हणत नाहीं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील विवाहित स्त्रियांपैकीं सुमारें चतुर्थांश स्त्रियांनीं नवऱ्याकडून हिंसा झाल्याचें सांगितलें. त्याच पाहणीप्रमाणें, अशा प्रकारें छळल्या गेलेल्या भारतांतील स्त्रियांपैकीं कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या शंभरांत चौदाच निघाल्या. बाकीच्या शहाऐंशींनीं मदत मागितली नाहीं. परंतु त्यांतल्या किती तरी जणी मलमपट्टीसाठीं, अंगदुखीच्या गोळ्यांसाठीं, ‘चुकून फिनेल प्यालें’ म्हणून कोण्या ना कोण्या डॉक्टरापुढें बसल्याच असतील.

जें मला १९९६ सालीं सुचलें नाहीं, तें आमच्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर, भाईंदरहून तासाभराच्या आंत पोंचतां येतें अशा वांद्र्यास, थोड्याच वर्षांत प्रत्यक्षांत आलें होतें, हें मला फार उशिरा कळलें. मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन-संस्था यांनीं मिळून २००० सालीं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयांत ‘दिलासा’ नांवाचा विभाग उभारण्यास हात घातला. नांव साधें आहे आणि कल्पनाहि साधी आहे. नाक-कान-घशाचा जसा विभाग, तसा रुग्णालयांतच हा एक विभाग. बाईनें घरीं सांगावें, ‘डोकें दुखतें, केसपेपर काढून येतें,’ आणि यावें. शेजारणीस संशय येत नाहीं, नवऱ्यास पाटी दिसत नाहीं. आंत समुपदेशन करणारी बाई बसलेली असते. घरीं परत जाण्यांत जिवास धोका असेल तर ‘निरीक्षणासाठीं’ म्हणून बाईस रुग्णालयांतच एखाददुसरी रात्र ठेवून घेण्याचीहि तेथें सोय केली गेली. औषधापेक्षां ती खाट अधिक मोलाची ठरली असेल, असें मला वाटतें.

परंतु नुसती खोली उघडून काम भागलें नसतें. तेथील परिचारिका, डॉक्टर, इतकेंच नव्हे तर वॉर्डांतले नोकर यांनाहि शिकवावें लागलें. सांगितलेलें कारण आणि दिसणारी जखम यांचा मेळ बसत नाहीं. तीच बाई वर्षांत तिसऱ्यांदां येते. गर्भारपणांत पोटावर मार आहे. विष घेतलें आहे. अशा वेळीं थांबावें. सोबतच्या माणसास बाहेर बसवावें आणि मग विचारावें. विचारणेंहि कसें? ‘नवरा मारतो काय?’ असें अंगावर धांवून नव्हे. ‘अशा जखमा घेऊन आमच्याकडे पुष्कळ जणी येतात आणि कित्येकींच्या घरीं त्रास असतो, तुमच्याकडे तसें कांहीं आहे काय?’ असें. ती नाहीं म्हणाली तर तिला खोटें पाडूं नये; दार उघडें आहे एवढें कळवावें. ती होय म्हणाली तर ‘तुम्ही कांहीं केलें असेल’ हें वाक्य गिळून टाकावें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१३ सालीं डॉक्टरांसाठीं मार्गदर्शिका काढली, तिचा गाभाहि हाच आहे. नीट ऐकून घ्या, गरज काय तें विचारा, तिचें म्हणणें खरें माना, ती आज रात्रीं सुरक्षित राहील कीं नाहीं तें पाहा, आणि पुढची मदत जोडून द्या.

आणि मग लिहावें. कोणीं मारलें, त्याचें नातें काय, कशानें मारलें, तें तिच्या शब्दांत. आमच्या शाळेंत श्रुतलेखन घेत, त्यांत मुलानें स्वतःचें कांहीं घातलें तर गुण जात. डॉक्टरांनींहि येथें श्रुतलेखनच करावयाचें असतें.

आतां याहून अवघड गोष्ट. तिच्याविषयीं बोलतांना माझ्या पिढीच्या माणसाची जीभ अडखळते. पण अडखळून पुष्कळ नुकसान झालें आहे. १९७२ सालीं त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंजच्या पोलीसठाण्यांत एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून अत्याचार झाला. ‘मथुरा’ या नांवानें तो खटला देशभर गाजला. वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशीं. डॉक्टरांस तिच्या अंगावर जखम आढळली नाहीं, आणि तिला पूर्वींचा शरीरसंबंध असल्याचें मात्र कागदावर आलें. नागपूरच्या उच्च न्यायालयानें आरोपींस दोषी धरलें होतें. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सोडून दिलें. जखम नाहीं, प्रतिकार नाहीं, म्हणून संमति होती, असा तो तर्क. त्या निकालाविरुद्ध उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनीं १९७९ सालीं उघडें पत्र लिहिलें, चळवळ उभी राहिली आणि १९८३ सालीं कायदा बदलला.

कायदा बदलला, पण तपासणीची रीत बदलावयास आणखी तीस वर्षें लागलीं. दोन बोटांनीं तपासून स्त्री ‘संबंधांस सरावलेली’ आहे कीं नाहीं असा शेरा मारण्याची अघोर प्रथा रुग्णालयांतून चालूंच होती. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील न्यायवैद्यकाचे अध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनीं २०१० सालीं अशा तपासण्यांच्या दुरवस्थेवर सविस्तर अहवाल लिहिला व तो नागपूर खंडपीठापुढें गेला. सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं ही प्रथा स्त्रीच्या प्रतिष्ठेस बाध आणणारी ठरविली. आणि ३१ ऑक्टोबर २०२२ रोजीं तर असें बजावलें कीं, जो कोणी ही चाचणी करील तो गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. शिक्षक म्हणून मला या साऱ्यांत विशेष वाटली ती गोष्ट निराळीच. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठानें २०१९ सालीं ‘कौमार्याचीं लक्षणें’ हा भाग एम. बी. बी. एस. च्या अभ्यासक्रमांतूनच काढून टाकण्याचें ठरविलें. चुकीचा धडा पुस्तकांत राहिला तर शंभर परिपत्रकें काढूनहि तो डोक्यांतून जात नाहीं, हें कोणाहि मास्तरास ठाऊक आहे.

मार्च २०१४ मध्यें केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयानें डॉक्टरांसाठीं सविस्तर मार्गदर्शक तत्त्वें व तपासणीचा नमुना प्रसिद्ध केला. तो इंटरनेटवर कोणासहि मिळतो. मीं तो माझ्या भाच्याकडून छापून घेतला व दोनदां वाचला; इंग्रजी कायदेशीर असल्यामुळें दुसऱ्यांदां शब्दकोश घेऊन. त्यांतलें कांहीं प्रत्येक घरांत माहीत असावें असें आहे. पोलिसांचें पत्र आणल्याशिवाय तपासणार नाहीं, असें रुग्णालयास म्हणतां येत नाहीं. तपासणीस संमति लागते. स्त्री तपासणीचा एखादा भाग नाकारूं शकते आणि त्यामुळें तिचे उपचार थांबत नाहींत. अत्याचारास चार दिवस, म्हणजे शहाण्णव तास, झाले नसतील तर नमुने घेतलेच पाहिजेत. म्हणून शक्य तर अंघोळ करूं नये, कपडे धुवूं नयेत. पण अंघोळ झाली म्हणून घरीं बसूंहि नये, कारण गर्भ राहूं नये म्हणून द्यावयाच्या गोळ्या बहात्तर तासांच्या आंत अधिक गुणकारी ठरतात, तरी पांच दिवसांपर्यंत देतां येतात; एच. आय. व्ही. ची बाधा टाळण्याचें औषध मात्र बहात्तर तासांच्या आंतच सुरू व्हावें लागतें, आणि दोन्ही जितक्या लवकर तितकें बरें. जखम दिसली नाहीं म्हणजे अत्याचार झाला नाहीं, असा निष्कर्ष डॉक्टरांनीं काढावयाचा नाहीं. भीतीनें गोठलेलें शरीर झगडत नाहीं, हें आतां त्यांच्याच शास्त्रांत लिहिलें आहे. अहवालाची एक प्रत त्या स्त्रीस विनामूल्य मिळाली पाहिजे. ती मागून घ्यावी, आणि वाचून घ्यावी. वाचतां येत नसेल तर कोणाकडून तरी वाचवून घ्यावी. हें मी कां सांगतों तें तुमच्या ध्यानांत आलें असेल.

कायद्याचें बळहि मागें आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९७ व्या कलमाप्रमाणें सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयानें अत्याचारपीडितेवर ताबडतोब व फुकट उपचार केले पाहिजेत आणि पोलिसांस वर्दी दिली पाहिजे. उपचार नाकारणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या २०० व्या कलमाखालीं एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते. जाणत्या स्त्रीस फिर्याद द्यावयाची नसेल तर तिची तशी इच्छा कागदावर नोंदवून घ्यावी, उपचार अडवूं नयेत. मूल अठरा वर्षांखालचें असेल तर मात्र कळविणें सर्वांनाच बंधनकारक आहे. डॉक्टरांना, तसेंच आम्हां शिक्षकांनाहि.

इतकें सारें असतांना डॉक्टर कां कचरतात? त्यांची बाजूहि ऐकली पाहिजे. रात्रपाळीस एक तरुण डॉक्टर, समोर साठ रोगी. अशा तपासणीस तास-दीड तास जातो. पुढें वर्षानुवर्षें कोर्टाचीं समन्सें येतात, तीं कित्येकदां बदली झालेल्या गांवीं. निराळी खोली नाहीं, पडदा फाटलेला. अशा माणसाच्या हातीं नुसतें पुस्तक देऊन चालणार नाहीं. नमुन्यांची तयार पेटी, दारापाशीं बसावयास एक परिचारिका, आणि पुढें बाईस ज्यांच्याकडे सोंपवावयाचें त्यांचा दूरध्वनि एवढें तरी त्याच्या टेबलावर असावें. १८१ ही स्त्रियांसाठींची मदतवाहिनी आहे. तो आंकडा तपासणीच्या खोलींत, रुग्णास दिसेल पण नवऱ्यास खटकणार नाहीं अशा जागीं, लावणें कठीण नाहीं. ‘दिलासा’सारखा विभाग प्रत्येक शहरांत व्हावा हें तर खरेंच, पण त्याची वाट पाहत मलमपट्टीच्या खोलींतला प्रश्न खोळंबून राहूं नये.

माझी एक विद्यार्थिनी डॉक्टर झाली आहे. नांव सांगत नाहीं. तिला आवडणार नाहीं. गेल्या दिवाळींत भेटावयास आली, तेव्हां मीं तिला १९९६ सालची ही हकीकत सांगितली आणि विचारलें, “तूं असतीस तर त्या नवऱ्यास खोलीबाहेर कसें काढलें असतेंस? तो तर हटून बसला होता.” ती हंसली. म्हणाली, “गुरुजी, भांडून कोणी बाहेर जात नाहीं. मी त्याच्या हातीं केसपेपर देतें आणि सांगतें, याच्यावर खिडकीवरून शिक्का मारून आणा. खिडकी खालच्या मजल्यावर आहे आणि रांग बरीच असते.”

“आणि त्या केसपेपरावर शिक्का लागतो?” मीं विचारलें.

“नाहीं,” ती म्हणाली. “पण मला पांच मिनिटें मिळतात.”