जुन्या वस्तऱ्याची मूठ



ज्या गांवावरून आंबेगांव तालुक्याचें नांव पडलें, तें गांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. तेथील एका नाभिक घराण्यांतला माझा जुना विद्यार्थी आज जुन्नरास दुकान चालवितो. गेल्या पावसाळ्यांत तो आजोबांची धोकटी घेऊन आला. “गुरुजी, घर गेलें, एवढीच खूण राहिली. ह्या मुठी उजळतील का?”

धोकटींत तीन वस्तरे होते. दोहोंच्या मुठी नुसत्या मळकट होत्या. तिसरीला बारीक तडे गेले होते, आंबूस वास येत होता, आणि पातें जेथें मुठींत मिटतें तेथेंच गंज चढला होता.

हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या अशा मुठी पुष्कळदां सेल्युलॉइडच्या असतात. अमेरिकेंत हायट बंधूंनीं १८७० सालीं ह्याचें पेटंट घेतलें. नत्राम्लाची प्रक्रिया केलेला कापूस आणि कापूर ह्यांपासून तें होतें. म्हणूनच मूठ तळहातावर चोळली असतां कापराचा वास येतो. विस्तव लावून मात्र परीक्षा करूं नये. हा पदार्थ भडकन् पेटतो.

माझ्या वडिलांच्या वस्तऱ्याची मूठ मीं एकदां स्पिरिटनें पुसली. ती मऊ पडली आणि तिची झिलई गेली ती गेलीच. माझी ही चूक आपण करूं नये. स्पिरिट, ॲसिटोन व उकळतें पाणी ही तिन्हीं वर्ज्य समजावींत.

प्रथम पात्यावर चिंधी घट्ट गुंडाळावी. कोमट पाणी, सौम्य साबण व मऊ ब्रश ह्यांनीं मूठ धुवून लगेच कोरडी करावी. ओरखडे असल्यास १००० व मग २००० नंबरचा पॉलिश-कागद पाण्यांत भिजवून हलकेंच फिरवावा. कोरडा घासल्यास उडणारी पूड ज्वालाग्राही असते. शेवटीं फडक्यावर दंतमंजन घेऊन हातानेंच चोळावें. विजेचें चाक लावूं नये, कारण घर्षणाच्या उष्णतेनें मूठ पेटूं शकते. आंतवर मुरलेला पिवळेपणा जात नाहीं. त्याच्या मागें लागून मूठ झिजवूं नये. पात्याला तेलाचा हात द्यावा.

दोन मुठी अशा रीतीनें उजळल्या. तिसरीचें काय? सेल्युलॉइड कुजूं लागलें म्हणजे त्यांतून आम्लयुक्त वाफा निघतात. त्या पात्यास गंजवितातच, शिवाय बंद धोकटींतील शेजारच्या मुठींसही बाधतात. ती काढून टाकणें भाग होतें. विद्यार्थी बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “आजोबांचा हात ह्याच मुठीला लागलेला आहे, गुरुजी.” मीं म्हटलें, “बाबा, तो पात्यालाही लागलेला आहे. पातें वांचव.”

त्यानें स्वतःच पितळी खिळा कानशीनें घासून मूठ सोडविली. आतां त्या पात्यास शिसवी मूठ आहे. गिऱ्हाइकांसाठीं तो बदलत्या पात्याचा वस्तरा वापरतो. आजोबांचे तिन्ही वस्तरे उघड्या फळीवर, वेगवेगळे, हवेशीर ठेविले आहेत.

आपल्या घरीं जुनी धोकटी वा पेटी असेल, तर ती आजच उघडून पाहावी.