व्यायाम सुरू केला आणि थकवा वाढला?

पहाटे साडेपाचचा गजर, नवे बूट, मैदानाच्या पाच फेऱ्या. आठवडाभरातच दुपारी ऑफिसात डोळे मिटू लागतात, जिना चढताना मांड्या भरून येतात. अनेकजण इथेच व्यायाम सोडतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

सवय नसलेल्या स्नायूंच्या तंतूंना व्यायामाने अतिसूक्ष्म इजा होते. त्यामुळे होणारी अंगदुखी साधारण 24 ते 72 तासांत सर्वाधिक जाणवते आणि आपोआप ओसरते. स्नायूंमधला साखरेचा साठाही, म्हणजे ग्लायकोजेन, कमी झालेला असतो. त्यात पहाटे उठायचं म्हणून झोप तासाभराने घटलेली, आणि वजन उतरावं म्हणून रात्रीची भाकरीही बंद! मग शरीराने झीज भरून काढायची कशातून? भाकरी, वरण, उसळ, दही पोटात जाऊ द्या. रात्री लवकर झोपा. चालताना बोलता येईल इतकाच वेग ठेवा, आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांती घ्या.

दोन-तीन आठवड्यांनंतरही थकवा हटत नसेल, तर डॉक्टरांना भेटून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. बहिणींनो, 'कामाचा शीण आहे' म्हणत हे अंगावर काढू नका. आणि व्यायाम करताना छातीत दुखलं, भोवळ आली किंवा नंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर उद्याची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.