यंत्राचा दुभाषा

जबलपूरच्या मराठी घरात वाढलेल्या माणसाला दुभाष्याचे काम वेगळे शिकावे लागत नाही. स्वयंपाकघरात मराठी, अंगणाबाहेर हिंदी आणि कचेरीत इंग्रजी, अशा तीन मुलखांतून त्याची रोजची ये-जा चालू असते. आमच्या आजीचे म्हणणे भाजीवाल्याला आणि भाजीवाल्याचे उत्तर आजीला समजावून देणे, ही लहानपणी माझ्याकडे सोपविलेली कामगिरी होती. आणि मधल्या मध्ये दोन चिंचा किंवा एखादे गाजर माझ्या हाती पडत असे. दोन माणसांच्या मध्ये दुभाषा उभा राहिला, की बोलणाऱ्या दोघांपेक्षा त्याच्याच हाती अधिक सत्ता येते, ही गोष्ट मला त्या वयातही उमगली होती. तो रुसला तर व्यवहार थांबतो. त्याने चुकीचे सांगितले तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

आज ज्या दुभाष्याविषयी मला बोलावयाचे आहे, तो मात्र माणूस नव्हे. संगणक आणि त्याला जोडलेला प्रिंटर यांच्या मध्ये बसलेला तो एक लहानसा प्रोग्राम आहे. व्यवहारात त्याला ड्रायव्हर म्हणतात. संगणकाच्या दृष्टीने पान म्हणजे अक्षरांची व आकृत्यांची मांडणी. प्रिंटरच्या दृष्टीने पान म्हणजे शाईच्या असंख्य सूक्ष्म ठिपक्यांचा क्रम. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या भाषेत उतरविणे, हे या ड्रायव्हरचे काम. तो ठीक असेपर्यंत त्याची कोणाला आठवणही होत नाही. तो बिघडला, किंवा मुळात मिळालाच नाही, म्हणजे मात्र टेबलावरचा प्रिंटर केवळ कागदांवर ठेवण्याचे वजन होऊन बसतो.

या विषयाशी माझा संबंध आला तो वकिलीच्या निमित्ताने. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरच्या उच्च न्यायालयाचा वारसा जबलपूरकडे आला. नागपूरचे मुख्य न्यायाधीश न्यायमूर्ती हिदायतुल्ला हेच नव्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. त्या वेळी जी मराठी कुटुंबे नागपूर सोडून नर्मदाकाठी आली, त्यांत आमचे एक. वडिलांच्या कचेरीत टाइपरायटर होता, आणि त्याला दुभाष्याची गरज नव्हती. बोटाने कळ दाबली की अक्षर कागदावर उमटे. बिघाड झाला तर गन कॅरिज फॅक्टरीत काम करणारा एक शेजारी संध्याकाळी येऊन, झाकण उघडून, तो दुरुस्त करी. १९०४ पासून तोफांचे गाडे बनविणाऱ्या या कारखान्याच्या गावात, यंत्राचे झाकण उघडणे हा गुन्हा आहे असे कोणाला कधी वाटलेच नाही.

पुढे कोर्टात संगणक आले. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली ई-कमिटी नेमली गेली, २००५ साली राष्ट्रीय आराखडा तयार झाला, आणि ई-कोर्ट्स योजनेच्या पहिल्या टप्प्यात देशभरातील १४,२४९ जिल्हा व दुय्यम न्यायालयांत संगणक पोहोचले. दुसऱ्या टप्प्यात हा आकडा १८,७३५ पर्यंत गेला. या संगणकांसाठी उबुंटू ही मुक्त कार्यप्रणाली निवडण्यात आली, आणि न्यायाधीशांना व कर्मचाऱ्यांना तिचे शिक्षण देण्यात आले. खटल्यांची नोंद ठेवणारा प्रोग्रामदेखील मुक्त स्वरूपाचाच असून तो आपल्या पुण्याच्या एन. आय. सी. केंद्रात तयार झाला. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणारा मूळ प्रोग्राम. आणि मुक्त म्हणजे ज्याची घडण कोणालाही वाचता येते, गरजेप्रमाणे बदलता येते आणि बदललेली प्रत दुसऱ्यास देता येते असा. फुकट मिळणे हा त्याचा एक गुण आहे, परंतु तो मुख्य गुण नव्हे.

कोर्टाने जे स्वीकारले ते आपल्याही कचेरीत असावे, म्हणून मी उबुंटू घेतली. संगणक उत्तम चालू लागला. अडचण आली ती प्रिंटरची.

२०१६ च्या पावसाळ्यातील गोष्ट. मंडल्याकडचा एक शेतकरी जमिनीच्या दाव्यातील अपिलासाठी आला होता. त्याच्या मुदतीचा शेवटचा दिवस दुसऱ्या दिवशी होता. अपिलाचा मसुदा तयार होता. हिंदी प्रतिज्ञापत्र तेवढे छापून त्यावर त्याची सही घ्यावयाची होती. जुन्या प्रिंटरने त्याच आठवड्यात मान टाकली होती, म्हणून बाजारातून एक स्वस्त लेसर प्रिंटर आणला होता. त्याच्या खोक्यात एक तबकडी होती. पण तिच्यातील ड्रायव्हर दुसऱ्याच कार्यप्रणालीसाठी केलेला. दुकानदाराने हात झटकले. तेव्हा मी उबुंटूच्या यादीतून, ‘साधारण असेच नाव आहे, चालून जाईल’ अशा समजुतीने, एका भलत्याच प्रिंटरचा ड्रायव्हर निवडला आणि छापण्याची आज्ञा दिली.

प्रिंटर तत्काळ सुरू झाला, आणि कागदामागून कागद बाहेर पडू लागले. प्रत्येकावर वरच्या कडेला एक ओळ, आणि त्या ओळीत निरर्थक चिन्हे. मी प्रिंटर बंद केला, पुन्हा सुरू केला. तो पुन्हा तसेच कागद ओकू लागला. तो शेतकरी बाकावर बसून हे सारे पाहत होता. आपल्या जमिनीचा कागद म्हणजे हाच काय, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातील पाचव्या कलमान्वये, पुरेसे कारण असेल तर झालेला उशीर कोर्ट माफ करू शकते. परंतु ‘प्रिंटरला संगणकाची भाषा समजली नाही’ हे कारण कोणत्या तोंडाने सांगावे?

शेवटी शेजारच्या कचेरीतील एका तरुण कारकुनास बोलावले. तो आला, कागदांकडे पाहून हसला आणि म्हणाला, “वकील साहब, पहले इसका मुँह तो बंद कीजिए.” मग त्याने जे केले ते मी नीट पाहून ठेवले. छापावयाच्या कामांची रांग प्रिंटरमध्ये नसून संगणकात असते. म्हणून प्रिंटर कितीही वेळा बंद केला तरी तेच काम पुन्हा पाठविले जाते. त्याने प्रथम ती रांग रिकामी केली. मग संगणकालाच विचारले, की तुला केबलने जोडलेले हे यंत्र कोण आहे? प्रत्येक यंत्र आपल्या कंपनीचा आणि आपला असे दोन क्रमांक संगणकास सांगत असते. त्यावरून खोक्यावरील नावापेक्षा खरी ओळख पटते. त्या ओळखीवरून त्याने योग्य ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवून घेतला, आणि आधी एक चाचणीचे पान छापले. ते स्वच्छ आले. मग प्रतिज्ञापत्र. शेतकऱ्याने सही केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अपील दाखल झाले.

त्या रात्री मी त्याला विचारले, की हा प्रिंटर इतका आडमुठा का? त्याने सांगितले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. महाग प्रिंटरच्या पोटात स्वतःची बुद्धी असते. त्याला पानाचे वर्णन पाठविले तर पान तो स्वतः रचतो. स्वस्त प्रिंटरमधून ती बुद्धी काढून घेतलेली असते. सारा विचार संगणकाने करावयाचा आणि तयार ठिपके तेवढे त्याला पुरवावयाचे. काहींना तर सुरू केल्यावर दर वेळी त्यांचा स्वतःचा प्रोग्रामही संगणकाकडूनच भरवावा लागतो. असा प्रिंटर सर्वस्वी दुभाष्याच्या अधीन. आणि तो दुभाषा कंपनीने कुलुपात ठेवला असेल, तर पैसे मोजून घेतलेली वस्तू आपली असूनही आपली नसते.

मुक्त संगणकप्रणालीच्या चळवळीच्या मुळाशी एक प्रिंटरच आहे, हे मला नंतर कळले तेव्हा नवल वाटले नाही. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करीत होता. तेथील जुन्या प्रिंटरमध्ये कागद वारंवार अडकत. त्याने प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये अशी सुधारणा केली, की कागद अडकताच, ज्यांची कामे रांगेत आहेत त्यांना संगणकावर सूचना मिळावी. पुढे, १९८० च्या सुमारास, झेरॉक्सकडून नवा लेसर प्रिंटर भेट आला. कागद त्यातही अडकत. परंतु त्याच्या प्रोग्रामची वाचता येईल अशी प्रत मात्र आली नव्हती. कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका प्राध्यापकाकडे ती होती. स्टॉलमन मागावयास गेला, तेव्हा ती कोणासही न देण्याचे वचन आपण दिले आहे, असे उत्तर मिळाले. तो नकार त्याला विसरता आला नाही. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने संपूर्णपणे मुक्त अशा प्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने तिला लागणारा गाभा लिहिण्यास आरंभ केला. आणि अशा अनेक हातांनी जी इमारत उभी राहिली, तिच्यातीलच एक दालन म्हणजे २००४ साली प्रसिद्ध झालेली उबुंटू.

छपाईची व्यवस्था त्यानंतर हळूहळू सुधारत गेली. १९९९ साली मायकेल स्वीट यांनी ‘कप्स’ नावाची छपाईची यंत्रणा प्रसिद्ध केली. आज उबुंटूमध्ये रांग लावणे, पान ठिपक्यांत उतरविणे, योग्य ड्रायव्हरची गाठ घालून देणे, ही कामे तीच करते. २००७ साली अॅपल कंपनीने ती विकत घेतली. पण तिची घडण सर्वांना खुली राहिली. म्हणून, पुढे कंपनीचे तिकडील लक्ष कमी झाले तेव्हा, २०२० पासून ओपनप्रिंटिंग या स्वयंसेवी मंडळीने, खुद्द स्वीट यांच्यासह, ते काम पुढे चालविले. मालकाचे लक्ष उडाले म्हणून दुभाषा मुका झाला नाही.

येथे देवनागरीसंबंधी एक शब्द सांगितला पाहिजे. ठिपक्यांनी छापणाऱ्या प्रिंटरला भाषा येण्याची गरजच नसते. जोडाक्षरे जुळविणे, वेलांटी योग्य जागी बसविणे, हे सारे संगणकातच होते. पूर्वी असे नव्हते. संगणकाला भारतीय लिप्या याव्यात म्हणून कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये जिस्ट नावाचे खास कार्ड तयार करावे लागले होते. आज अडचण उरली आहे ती जुन्या सवयींची. आमच्याकडे पुष्कळ हिंदी मजकूर अजून कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी होते, आणि बिचाऱ्या प्रिंटरला दोष दिला जातो. युनिकोडमध्ये लिहिलेले प्रतिज्ञापत्र मात्र कोठेही उघडा, प्रतिज्ञापत्रच राहते.

प्रिंटरची ही कथा इतर उपकरणांनाही लागू आहे. पण तिच्यातील एक उदाहरण मला फार आशादायक वाटते. २०२० साली साथीमुळे सुनावण्या पडद्यावर होऊ लागल्या, तेव्हा वकिलांनी घाईघाईने कॅमेरे आणले. जोडताच ते बहुधा उबुंटूवर विनातक्रार चालू लागले. कारण असे, की बहुतेक कॅमेरा-कंपन्यांनी एक समान बोली मान्य केली आहे; दोघांनाही एकच भाषा येत असल्यावर प्रत्येकाचा वेगळा दुभाषा हवा कशाला? नवे पुष्कळसे प्रिंटर आणि स्कॅनरही आता त्याच वाटेने चालले आहेत. घरातील वायफायवर ते आपली ओळख आपणच सांगतात, आणि ड्रायव्हर बसविण्याचा प्रसंगच येत नाही. कागदपत्रांवर डिजिटल सही करण्यासाठी लागणारे छोटे टोकन मात्र अजून आपापला दुभाषा बरोबर मागते, आणि तो मुक्त प्रणालीसाठी मिळतो की नाही, हे विकत घेण्याआधीच विचारावे लागते.

‘आधीच विचारावे’ हाच या अनुभवाचा व्यावहारिक सारांश. दुकानात किंमत विचारतो तसे हेही विचारावे, की हे यंत्र लिनक्सवर चालते काय? दुकानदारास ठाऊक नसेल तर यंत्राचे पूर्ण नाव लिहून आणावे आणि मुक्त प्रणालीच्या याद्यांतून ताडून पाहावे. शंभर ग्राहकांनी हा प्रश्न विचारला, तर एकशे एकाव्याला उत्तर तयार मिळेल. याशिवाय मुक्त वस्तू घेणाऱ्यावर एक लहानसे ऋण असते. आपल्याला जो मार्ग सापडला तो लिहून ठेवणे आणि मागेल त्याला देणे, हे ते ऋण. कार्नेगी मेलनमधील त्या प्राध्यापकाने शब्द पाळला, यात संशय नाही. पण ज्ञान कोणाला न देण्याचा शब्द आपण आधी द्यावाच का, हा प्रश्न शिल्लक राहतो.

त्या रात्री त्या तरुण कारकुनाने मोबदला घेतला नाही. त्याने माझ्याकडून एक कोरी वही मागून घेतली, तिच्या पहिल्या पानावर प्रिंटरचे नाव, त्याचे दोन क्रमांक आणि केलेल्या कृती ओळीने लिहिल्या, आणि वही टेबलाच्या खणात ठेवली. आता त्या वहीची बरीच पाने भरली आहेत. त्यांत माझे अक्षर थोडे, इतरांचे पुष्कळ. कोणाचा स्कॅनर अडतो, कोणाचा प्रिंटर रुसतो. मग ती वही दोन दिवस कोणाच्या तरी कचेरीत जाते, आणि परत येते तेव्हा तिच्यात एक पान वाढलेले असते.