ट्रकच्या इंजिनाला नोझल आणि कॅमशाफ्ट निवडताना
(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)



भाताची झोडणी आटोपली, की आपल्या मुळशी भागात दोन कामं हमखास निघतात. एक घराची डागडुजी आणि दुसरं गाडीचं इंजिन. भात, पेंढा, भाजीपाला, विटा, जो माल मिळेल तो भरायचा आणि पौडहून पिरंगुटचा घाट ओलांडून पुण्याला न्यायचा, नाहीतर ताम्हिणीतून खाली माणगावकडे. घाट काही चुकत नाही. म्हणून इंजिन उघडलं, की मालकाचं मिस्त्रीला एकच सांगणं असतं, "गाडीला दम आला पाहिजे." मग कोणीतरी सुचवतो, की मोठ्या भोकाची नोझलं टाका, जास्त उचल देणारा कॅमशाफ्ट टाका, टॉप गिअरात घाट चढाल. हा सल्ला घ्यावा की नाही, हे आज पाहू.

उदाहरणाला आपल्या ओळखीचंच इंजिन घेऊ. टेल्कोने १९५४ साली डेमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने ट्रक बनवायला सुरुवात केली. तो करार १९६९ साली संपला, तरी इंजिनाचा घाट त्याच घराण्याचा राहिला. जुन्या ट्रकांत ६९७ नंबरचं इंजिन असतं. यातला ६ म्हणजे सिलिंडर आणि ९७ म्हणजे सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पिस्टनची चाल १२८ मिलिमीटर. हिशेब केला तर एका सिलिंडरमध्ये साधारण ९४५ घनसेंटिमीटर जागा, म्हणजे लिटरच्या मापाला थोडी कमी. एवढ्या जागेत, टर्बो नसेल तर, एका वेळी जेमतेम एक ग्रॅम हवा शिरते.

आता हे लक्षात घ्या. एक किलो डिझेल पुरतं जळायला कागदावर साडेचौदा किलो हवा लागते. पण सिलिंडरमध्ये डिझेल आणि हवा मिसळायला वेळ फार थोडा असतो, म्हणून धूर न होता जळण हवं असेल तर अठरा ते वीस किलो धरावी लागते. म्हणजे एक ग्रॅम हवेला पन्नास मिलिग्रॅम डिझेल. ते किती? एक थेंब, बस्स. चोवीसशे फेऱ्यांवर इंजिन चाललं, की प्रत्येक नोझल सेकंदाला वीस वेळा हा एकेक थेंब बारीक धुक्यासारखा फवारतं. हवा तेवढीच असताना दीड थेंब ओतला, तर उरलेला अर्धा काळा धूर होऊन सायलेन्सरमधून जातो. पैसे तुमचे, काजळी पिकावर. शिवाय धुरापाठोपाठ उष्णता वाढते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, पिस्टनचा माथा वितळतो, न जळलेलं डिझेल लायनरवरचं ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं.

दुसरा गैरसमज याहून मोठा आहे. डिझेल किती जायचं हे नोझल ठरवत नाही, पंप ठरवतो. ज्या गाड्यांना रांगेतला फ्युएल पंप आहे, तिथं रॅक आणि प्लंजर मिळून माप ठरतं. नोझल फक्त ते माप कसं फवारायचं एवढंच पाहतं. मोठ्या भोकाचं नोझल घातलं आणि पंप तोच ठेवला, तर डिझेल तितकंच जातं, पण दाब पडतो आणि थेंब जाड होतात. जाड थेंब उशिरा जळतो. फवारणीच्या पंपाची झिजलेली चकती आठवा. औषध जास्त जातं, पण पानावर बसत नाही.

म्हणून नोझल घेताना त्यावर कोरलेला नंबर वाचा. मायकोच्या, म्हणजे २००८ पासून ज्या कंपनीचं नाव बॉश लिमिटेड झालं तिच्या, नोझलांवर डीएलएलए १५० एस असा काही नंबर असतो. त्यातला १५० हा फवाऱ्याचा कोन आहे. पिस्टनच्या माथ्यावर जी वाटी असते, तिच्या घडणीला हा कोन जुळलेला असतो. दुसऱ्या कोनाचं नोझल होल्डरमध्ये व्यवस्थित बसेल, गाडीही चालू होईल, पण फवारा वाटीत न पडता तिच्या काठावर नाहीतर लायनरवर पडेल. जुनं नोझल बरोबर न्या, इंजिनाचा नंबर लिहून न्या, सहाही नोझलं एकाच नंबरची घ्या आणि पक्की पावती मागा. पुडी चांगली दिसते म्हणून माल चांगला, असं या धंद्यात मुळीच नाही.

नोझलं पंपवाल्याकडे टेस्टरवर लावून घ्या आणि तिथं स्वतः उभे राहा. कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या दाबाला नोझल उघडलं पाहिजे. कमी-जास्त असेल तर स्प्रिंगखालच्या पातळ चकत्या बदलून जमवतात. सगळ्या भोकांतून फवारा सारखा यावा, सुटताना चर्र आवाज यावा आणि नंतर टोकाशी थेंब लोंबू नये. उघडण्याच्या दाबाच्या थोडं खाली हँडल दहा सेकंद धरलं, तर टोक कोरडंच राहिलं पाहिजे. एक मात्र कटाक्षाने पाळा. त्या फवाऱ्यासमोर हात किंवा बोट कधीही नेऊ नका. त्या दाबाला डिझेल कातडी भेदून आत मांसात शिरतं. वरून टोचल्याएवढंच दिसतं, दुखतही नाही, आणि दुसऱ्या दिवशी हात गमावण्याची पाळी येते. असं झालं तर न थांबता मोठ्या इस्पितळात जा आणि "दाबाचं डिझेल आत गेलंय" असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

इंजेक्टर बसवताना तांब्याचा वायसर नवाच घाला, जुना काढून टाका. वायसरवर वायसर चढला, की नोझलचं टोक वर राहतं आणि कोनाची सगळी मेहनत वाया जाते.

आता कॅमशाफ्ट. कॅम म्हणजे व्हॉल्व्ह केव्हा उघडायचा, किती उचलायचा, केव्हा मिटायचा हे ठरवणारा दांडा. शर्यतीच्या पेट्रोल गाड्यांना जास्त उचलीचा कॅम घालतात, कारण त्या सहा-सात हजार फेऱ्यांवर धावतात. आपल्या ट्रकला गव्हर्नर चोवीसशे ते अठ्ठावीसशेच्या आसपास लगाम घालतो. ज्या फेऱ्यांवर तसला कॅम कामाला येतो, तिथपर्यंत आपलं इंजिन पोचतच नाही. घाटात तर आपण बाराशे-पंधराशेवर ओढत असतो. तिथं असा कॅम उलट ओढ घालवतो. इनलेट व्हॉल्व्ह उशिरा मिटला, की आत घेतलेली हवा थोडी परत जाते आणि कंप्रेशन पडतं. श्रावणातल्या ओल्या सकाळी गाडी धक्का मारून चालू करावी लागते, ती अशानेच.

आणखी धोका आहे. डिझेल इंजिनात पिस्टन अगदी वर आला, की त्याचा माथा आणि हेड यांत जेमतेम मिलिमीटरभर फट राहते. त्याच क्षणी एक्झॉस्ट मिटत असतो आणि इनलेट उघडत असतो. कॅमची उचल किंवा वेळ बदलली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो. वाकलेला व्हॉल्व्ह, फुटलेला पिस्टन, आणि भरलेली गाडी घाटात उभी.

मग खरोखर ताकद वाढवायचीच असेल तर? वाढते, नाही असं नाही. पण सुरुवात हवेपासून करावी लागते. टर्बो आला, की हवा वाढते, मग पंपाचं माप वाढवता येतं, आणि मग त्या मापाला जुळणारं नोझल. टर्बोच्या इंजिनाचा कॅमही वेगळा असतो. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ त्यात बेताचा ठेवतात, नाहीतर दाबून भरलेली हवा सरळ एक्झॉस्टमधून निघून जाते. त्याशिवाय पिस्टन, हेड गॅस्केट, ऑइल पंप, रेडिएटर हे सगळं त्या जोराचं लागतं. एवढा खर्च जुन्या गाडीवर करण्यापेक्षा माझं मत असं, की कंपनीनेच टर्बोसह बांधलेलं इंजिन पाहावं. आणि इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी घ्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात गाडीच्या नोंदीत नसलेला फेरफार करायला मनाई आहे, आणि विमा कंपनी नेमकं तेच कारण पुढे करते.

पुष्कळदा दम गेलेला असतो तो झिजलेल्या कॅममुळेच. इंजिन उघडलंच आहे तर प्रत्येक कॅमची उंची मायक्रोमीटरने मोजून घ्या आणि पुस्तकातल्या मापाशी ताडून पाहा. एक जरी बसलेला असेल, तरी त्या सिलिंडरला हवा कमी मिळते आणि धूर निघतो. मग दोष बिचाऱ्या नोझलला लागतो. कॅमशाफ्ट बदलला तर टॅपेटही नवेच घाला. जुना टॅपेट नव्या कॅमला थोड्याच दिवसांत खातो. विहिरीवर एका सिलिंडरचं इंजिन असेल त्यांनी आणखी एक पाहावं. तिथं बहुधा डिझेलचा पंपही त्याच कॅमशाफ्टवर चालतो. तो कॅम झिजला, की फवारा उशिरा पडतो आणि इंजिन गरम होतं.

नवा कॅम बसवताना त्याला ऑइल भरपूर चोळा, गिअरच्या खुणा जुळवा, आणि गाडी चालू झाल्यावर पहिली वीस मिनिटं मंद ठेवू नका. बाराशे ते पंधराशे फेऱ्यांवर चालवा, म्हणजे कॅमवर ऑइल नीट उडतं. पाचशे किलोमीटर झाले, की टॅपेटची फट पुन्हा तपासा.

आणि पावसाळ्यात डिझेलचं पिंप वळचणीखाली ठेवत असाल तर ते आधी हलवा. नोझलची सुई दोन ते चार मायक्रॉनच्या फटीत फिरते. डोक्याचा केस सत्तर मायक्रॉन असतो. त्या फटीत पाण्याने गंज धरला, तर नवं नोझलही महिनाभरात अडकतं. फिल्टरच्या तळाचं पाणी दर आठवड्याला सोडा, मुळशीच्या पावसात तर दर चार दिवसांनी.