पाण्यात लागले तर



उन्हाळा लागला की आपली पोरे पाण्याकडे पळतात. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या संगमावर, सांगलीच्या घाटावर, गावोगावच्या विहिरींत सूर मारतात. पोहणे चांगलेच. त्याने अंग बळकट होते. पण पाण्यात खरचटते, काटाही बोचतो. अशा वेळी काय करायचे, एवढेच आज सांगतो.

आधी खरचटल्याचे. पायरीवर गुडघा घासला, शिंपल्याने तळपाय कापला. आपण काय करतो? नदीतच पाय धुतो आणि वर माती, राख, नाहीतर तंबाखू दाबतो. तसे करू नका. नदीत गुरे धुतात, गावचे सांडपाणी येते. मातीत आणि शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पण जखमेत शिरले की दातखीळ बसते, अंग ताठते. माणूस दगावतोही.

मग करावे काय? रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके दाबून धरा. रक्त थांबले की पिण्याच्या पाण्याने, साबण लावून, जखम धुवा. आत वाळूचा कण ठेवू नका. धुतलेले कोरडे फडके बांधा. गेल्या पाच वर्षांत धनुर्वाताची लस घेतली नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन टोचून घ्या.

आता शिंगट्याचे. हा मासा जाळ्यातून सोडवताना काटा बोचतो. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो. काट्याला विष असते, हात ठणकतो. कोणी चुना लावतो, कोणी जखम चोखतो. त्याचा उपयोग नाही. हात गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी किती गरम? सोसवेल इतकेच. चांगला हात घालून आधी बघा, कारण दुखऱ्या हाताला चटका नीट कळत नाही. गरम पाण्याने ठणका उतरतो.

हाच उपाय समुद्रावर चालतो. आपली मंडळी कुंभार्ली घाट उतरून कोकणात जातात. तिथे पाकट नावाचा चपटा मासा वाळूत दडून बसतो. त्याच्या शेपटीला विषारी काटा असतो. तो लागला तरी गरम पाणीच. जेलीफिश अंगाला चिकटला तर मात्र वाळूने चोळू नका. गोडे पाणी ओतू नका, त्याने विष आणखी सुटू शकते. समुद्राच्याच पाण्याने धुवा, त्याचे धागे काडीने अलगद काढा, मग गरम पाण्याचा शेक द्या.

काटा आत मोडला, जखमेभोवती लाली वाढली, पू झाला, ताप आला, तर दवाखाना गाठा. दम लागला, चक्कर आली, तोंड सुजले, तर क्षणभरही थांबू नका.

“एवढंसं तर लागलंय,” असे म्हणून घरी बसू नका, मंडळी. आपले पोट हातापायांवर चालते. बोट चिघळले तर विळा कोण धरणार? साबण, स्वच्छ पाणी आणि धुतलेले फडके एवढे तर प्रत्येक घरी आहेच. ते वेळेवर वापरा.