वाट हरवली तर ओवी हरवेल



आषाढी वारीत जगद्गुरू तुकोबारायांची पालखी बारामतीजवळच्या काटेवाडीला पोहोचते, तेव्हा तेथे एक आगळेवेगळे रिंगण होते. या रिंगणात अश्व नसतात, मेंढ्या असतात. धनगर बांधव आपले कळप पालखीभोवती धाववतात आणि टाळ-मृदंगाच्या गजरात तो लोकरीचा प्रवाह माउलींच्या सखयाला प्रदक्षिणा घालतो. वृत्तपत्रांतून त्याची छायाचित्रे दरवर्षी येतात आणि आपण ती कौतुकाने पाहतो. पण एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. वर्षातील निम्मा काळ परमुलखात हिंडणारे हे कळप नेमके आषाढातच काटेवाडीच्या परिसरात कसे असतात?

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकापेक्षा वाटेवर लवकर सापडते. आणि ती वाट चालू लागले की महाराष्ट्राच्या लोकसंगीतातील एक थोर लेणे, धनगरी ओवी, पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कानावर पडते.

पावसाने आखलेली वाट

सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सरकता सरकता विरत जातो. माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, सांगोला हा सारा पट्टा पर्जन्यछायेचा. येथे झाडोरा विरळ, जमीन हलकी आणि गवत आखूड. शेतकऱ्याला ही भूमी कठोर वाटते. मेंढराला मात्र ती मानवते. दख्खनी मेंढीला कोरडी हवा लागते. ओल्या चिखलात तिचे खूर कुजतात, तिला रोग जडतात. त्यामुळे पावसाळा माळरानावर काढायचा आणि माळावरचे गवत व पाणी सरले की दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिमेची वाट धरायची, हा धनगरांचा शतकानुशतकांचा क्रम. काही कळप मावळातील भातखाचरांपर्यंत जातात, काही घाट उतरून कोकणात पोहोचतात. तेथे भाताची कापणी झालेली असते. शेतकरी मेंढरे आपल्या शेतात बसवून घेतो. रात्रभर पडलेल्या लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य देतो. मृगाच्या सरी येण्याआधी कळप पुन्हा देशावर परततात. म्हणूनच आषाढात ते काटेवाडीच्या परिसरात असतात. वारीचे पंचांग आणि मेंढरांचे पंचांग तेथे एकमेकांना भेटते.

या वाटचालीचे रूप पाहण्यासारखे असते. घोड्यांच्या पाठीवर सारे बिऱ्हाड लादलेले. त्यावर भांडीकुंडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे आणि क्वचित एखादे तान्हे मूलही. घोडी घेऊन बायका पुढे जातात आणि मुक्कामाची जागा धरतात. पुरुष कळप चारत मागून येतात. सायंकाळी वाघर लावून मेंढरे आत घेतली जातात, चूल पेटते, आणि अंधार दाटला की कोठूनतरी ओवीचा पहिला सूर निघतो.

धनगरी ओवीचा आरंभ ‘सुंबरान’ मांडून होतो. सुंबरान म्हणजे स्मरण. आपल्या देवांचे, त्यांच्या ठाण्यांचे, गुरूंचे, दिशांचे स्मरण करून मगच कथा सुरू व्हायची. म्होरक्या एक भाग गातो, साथीदार तो उचलून धरतात. मग गाणे थांबते आणि तोच भाग गद्यात, बोलीच्या ठसक्यात सांगितला जातो. पुन्हा गाणे, पुन्हा कथा. बिरोबाची किंवा धुळोबाची एक ओवी रात्रभर चालू शकते. शहरातील श्रोत्याला हा विस्तार कंटाळवाणा वाटण्याचा संभव आहे. परंतु सारा दिवस मेंढराच्या गतीने चाललेल्या माणसाला त्याची लय सहज कळते. मेंढरू दोन पावले चालते, थांबते, चरते, पुन्हा चालते. ओवीही तशीच, पुढे जाते, थबकते, मागचे पुन्हा उगाळते आणि मग पुढे सरकते.

अभ्यासकाचे पाय

हे मर्म ज्यांनी जाणले त्यांत एका परदेशी विद्वानाचे नाव कृतज्ञतेने घ्यावे लागते. गुंथर सोन्थायमर यांचा जन्म १९३४ साली जर्मनीत झाला. हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्याचा अभ्यास हा त्यांचा आरंभीचा विषय. पुढे ते हायडेलबर्ग विद्यापीठात अध्यापन करू लागले. पण त्यांचे चित्त महाराष्ट्राच्या माळरानावर जडले. वर्षानुवर्षे ते येथे येत राहिले, धनगरांच्या वाड्यांवर राहिले, यात्रांतून त्यांच्याबरोबर हिंडले आणि ध्वनिफितींवर ओव्या टिपत गेले. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवतांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली आणि त्याचे इंग्रजी रूपांतर १९८९ साली प्रसिद्ध झाले. १९९२ साली त्यांचे अकाली निधन झाले. त्यांनी मुद्रित करून ठेवलेल्या ओव्यांपैकी बिरोबा व धुळोबा यांच्या दोन प्रदीर्घ ओव्या अ‍ॅन फेल्डहाउस यांनी रामदास आतकर व राजाराम झगडे यांच्या साहाय्याने २०१४ साली इंग्रजीत आणल्या.

सोन्थायमर यांनी ‘वन’ आणि ‘क्षेत्र’ अशी एक जोडी मांडली. वन म्हणजे रान, माळ, डोंगर. क्षेत्र म्हणजे नांगरलेली भूमी, गाव, देऊळ, तीर्थ. आपल्याकडील अनेक दैवते वनातून क्षेत्राकडे आली, पण त्यांनी वनाशी असलेले नाते तोडले नाही, हे त्यांनी दाखवून दिले. शास्त्रपरंपरा, वैराग्य, वनवासींचे आचार, लोकधर्म आणि भक्ती या पाच धारा परस्परांत सतत मिसळत आल्या आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्यांना हिंदू समाज म्हणजे एकमेकांपासून तुटलेल्या कप्प्यांची उतरंड वाटते, त्यांनी हा विचार अवश्य अभ्यासावा. आणि ज्यांना लोकधर्म हा मूळ धर्माचा अपभ्रंश वाटतो, त्यांनीही.

त्यांच्याही आधी दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरातील डोंगर-टेकड्या पायांखाली घातल्या होत्या. त्यांची वैचारिक बैठक मार्क्सवादी. तथापि १९६२ साली आलेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात त्यांनी दाखवलेला संबंध विचारांच्या भिंती ओलांडून मान्य करावा असा आहे. अश्मयुगीन माणसाची सूक्ष्म दगडी हत्यारे, प्राचीन पशुपालकांच्या वाटा आणि वाटेच्या तिठ्यांवरील शेंदरी देवता यांची सांगड त्यांनी घातली. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ सालच्या ग्रंथात पंढरीच्या विठ्ठलाचे नाते गवळी-धनगरांच्या विठ्ठल-बिरप्पा या जोडदैवताशी जुळवून दाखवले, तेव्हा काटेवाडीच्या रिंगणाचा अर्थही आणखी उजळला. तेथील मेंढरांकडे पालखीला मान देणारे पाहुणे म्हणून पाहण्याऐवजी मूळचे आप्त म्हणून पाहता येऊ लागले.

चालताना उलगडणारी कथा

ओवीतील कथेचा अर्थ भूमीवर कसा उमटलेला असतो, याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे जेजुरी. म्हाळसा ही खंडोबाची पहिली पत्नी, वाण्याच्या घरची. बानाई ही दुसरी, धनगराची लेक. तिच्या प्रेमासाठी प्रत्यक्ष देवाने तिच्या बापाची मेंढरे राखली, ही कथा गायक मोठ्या रंगात येऊन सांगतात. घरी बसून ऐकली तर ती एक प्रेमकथा आहे. परंतु गडाच्या पायऱ्या चढू लागले की बानाईचे देऊळ निम्म्या वाटेवर लागते; म्हाळसा मात्र माथ्यावर देवाशेजारी आहे. कोणाचा मान कोठे, कोणाचे देवत्व कोणत्या उंचीवर, गावाने कोणाला जवळ केले आणि रानाला कोठे थांबवले, हे सारे पायऱ्यांनी सांगून टाकलेले असते. आणि तरीही माथ्यावर जाणारा प्रत्येक भाविक बानाईच्या दारावरूनच जातो!

दुसरे उदाहरण पुरंदर तालुक्यातील वीरचे. तेथील म्हस्कोबा हा धाराशिव जिल्ह्यातील सोनारीच्या काळभैरवाचे रूप मानला जातो. आपल्या धनगर भक्तासाठी तो सोनारीहून वीरला आला, असे परंपरा सांगते. सोनारी ते वीर हे अंतर सव्वाशे किलोमीटरहून अधिक. नकाशावर ही केवळ एक रेघ आहे. पण ती रेघ म्हणजे कळपांच्या हिंडण्याचाच मुलूख. जेथे कळप रुळला तेथे देवही रुळला. देव भक्ताच्या मागोमाग चालतो, या श्रद्धेमागे पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्थलांतराची स्मृती दडलेली आहे. ओव्यांमध्ये देव वारुळातून प्रकट होतो. ते वारूळही कविकल्पना नव्हे. माळावर दिवसभर हिंडणाऱ्याला लांबूनही ओळखू येणारी तीच एक खूण असते.

कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोली येथे पावसाळा सरल्यावर विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. भंडाऱ्याबरोबर तेथे लोकरही उधळली जाते. सोलापूर जिल्ह्यातील अंजनगावहून पायी आलेले फरांडेबाबा हेडाम खेळतात आणि भाकणूक सांगतात. भाकणुकीत काय असते? पाऊस कसा पडेल, धान्याचा भाव काय राहील, रोगराई येईल की टळेल. भाकणूक खरी ठरते की नाही, या वादात शिरण्याचे कारण नाही. पावसाच्या भरवशावर जगणारा समाज आपली काळजी देवासमोर कशी मांडतो, हे मात्र त्या पिवळ्या धुळीत उभे राहिल्यावरच कळते.

वाटेवर उभे राहिलेले कुंपण

श्रोतेहो, येथवरचे वर्णन गोड आहे. यापुढचे तसे नाही.

ज्या वाटांनी ही ओवी जन्माला घातली, त्या वाटा आज तुटत आहेत. पडीक माळ म्हणून ज्याची नोंद होते ते गवताळ रान कोणाचे तरी उपजीविकेचे साधन आहे, हे आपल्या नियोजनात क्वचितच लक्षात घेतले जाते. कोठे वृक्षलागवडीसाठी चर खोदले गेले, कोठे औद्योगिक वसाहत उभी राहिली, कोठे फळबागांना तारेची कुंपणे आली. पाणी पोहोचले तेथे ऊस आला. ही समृद्धी स्वागतार्हच, पण बारमाही पिकाच्या शेतात मेंढरू बसवायला जागा कोठे? रुंद झालेल्या महामार्गांवर भरधाव वाहनांखाली मेंढरे सापडल्याच्या बातम्या येतात. रासायनिक खताची गोणी सहज मिळू लागल्यावर कळपाची वाट पाहणारा शेतकरीही कमी झाला.

ओवी ध्वनिमुद्रित करून ठेवता येते. ते काम झाले आहे आणि आणखी व्हायला हवे. पण ती मुक्कामावर गायिली जाणारी गोष्ट आहे. मुक्कामच उरला नाही तर उरेल तो केवळ संग्रह. गजीनृत्याची पथके मिरवणुकीत ढोल वाजवतील, रंगीत रुमाल उडवतील, टाळ्या मिळतील. पण रात्रभराची कथा सांगणारा म्होरक्या कोठून येईल?

येथे एक रास्त प्रश्न उभा राहतो. आपल्याला ओवी ऐकायला मिळावी म्हणून धनगराच्या मुलाने जन्मभर मेंढरांमागे का चालावे? त्याने शाळेत जाऊ नये काय? जावेच! उघड्यावर होणारी बाळंतपणे, मुक्काम बदलताच सुटणारी शाळा, मेंढरांची चोरी, बांधावरचे तंटे हे त्या जीवनाचे दुसरे रूप आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त दुष्काळाने वाडी ओस पडते, ते वाचून हळहळलेल्या वाचकांच्या अनेक पिढ्या झाल्या. आपल्या हळहळीने वाडी पुन्हा वसत नाही. म्हणून निवड त्या मुलाची असली पाहिजे. ज्याला मेंढपाळ राहायचे आहे त्याला चराई, पशुवैद्यक आणि संरक्षण मिळावे. ज्याला दुसरी वाट धरायची आहे त्याला शिक्षण मिळावे. आणि दोघांनाही आपल्या आजोबांची ओवी मागासलेपणाची खूण वाटू नये, अभिमानाचा वारसा वाटावा. एवढे करणे समाजाच्या हाती आहे.

पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या जन्माला २०२५ साली ३०० वर्षे पूर्ण झाली. चौंडीच्या या धनगरकन्येने देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. त्या सर्व चालणाऱ्यांच्या सोयी होत्या, हे विसरता कामा नये. संयुक्त राष्ट्रसंघानेही २०२६ हे वर्ष गवताळ प्रदेश व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले. उत्सव आणि घोषणा आपल्या जागी योग्यच. पण अहिल्यादेवींचे खरे स्मरण म्हणजे चालणाऱ्याला पाणी आणि विसावा देणे.

चालावे कसे?

ज्यांना ही ओवी समजून घ्यायची आहे त्यांनी एक दिवस तरी माळावर चालावे. सहलीला निघाल्यासारखे जाऊ नये. वाड्यावर जाताना आधी विचारावे, मग थांबावे. कुत्र्यांना आणि मेंढरांना बिचकवू नये. गाण्याचा आग्रह धरू नये. आधी पावसाची, चाऱ्याची, मुलांच्या शाळेची विचारपूस करावी. ओवी कानावर पडलीच तर गाणाऱ्याच्या अनुमतीनेच ती टिपावी आणि त्याबरोबर गाव, दैवत व गायकाने सांगितलेल्या वाटेची नोंद ठेवावी; कारण वाटेविना ओवी म्हणजे पत्त्याविना पत्र. ज्यांचा गावोगावी प्रवास असतो अशा कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातून कळप कोणत्या महिन्यात, कोणत्या रस्त्याने जातात एवढे जरी समजून घेतले, आणि त्या रस्त्यावर पाण्याची एक टाकी, मुलांसाठी हंगामी वर्ग, शेतकरी-मेंढपाळांतील तंट्यात मध्यस्थी करणारी चार विश्वासाची माणसे उभी केली, तर ते काम कोणत्याही लोककला महोत्सवाहून मोलाचे ठरेल.

सुंबरानात प्रथम स्मरण होते ते ठाण्यांचे आणि दिशांचे. आपण कोठे उभे आहोत आणि कोणकोणत्या वाटांनी येथवर आलो, हे आठवल्याखेरीज कथेला आरंभ करायचा नाही, ही धनगराची शिस्त आहे. ज्या समाजाला आपली कथा पुढच्या पिढीला सांगायची आहे, त्याने ही शिस्त माळावरच्या त्या निरक्षर गायकाकडून शिकावी, आणि त्याची वाट मोकळी ठेवावी.